गोचीड, घोडा आणि पुण्याची प्रयोगशाळा

मुळशीच्या डोंगरांतून उतरणारी मुळा पुण्यास मुठेला मिळते आणि पुढे मुळामुठेचे पाणी भीमेला जाते. भीमाकाठची काटक भीमथडी तट्टे म्हणजे मराठी घोडदळाचा मोठा आधार. ज्या घोड्यांवर राज्ये उभी राहिली, त्यांच्या रक्तातील शत्रू कोण, हे मात्र फार उशिरा कळले.

या शोधाशी पुण्याचा निकटचा संबंध आहे. १८८९ साली संगमानजीकच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सरकारने जंतुशास्त्राची प्रयोगशाळा स्थापिली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. घोड्यांचा 'सर्रा' हा रोग त्यांनी अभ्यासास घेतला. या रोगाचे वळवळणारे परोपजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माइलखान येथे प्रथम पाहिले होते. सांसर्गिक रोगांच्या प्रयोगांना एकान्त व थंड हवा हवी, म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊँतील मुक्तेश्वरास हलली. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ व किलबोर्न यांनी गुरांचा रक्तज्वर गोचीड पसरविते, असा पुरावा प्रसिद्ध केला.

घोड्यालाही असाच ज्वर होतो. सर्रा चावऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि त्याचे जंतू रक्तद्रवात पोहतात; गोचिडीने आणलेले जंतू तांबड्या पेशींच्या आतच शिरतात. पेशी फुटतात, ताप चढतो, डोळे पिवळे पडतात, लघवी तांबूस होते. १९०१ साली लाव्हेरां यांनी या जंतूला नाव दिले. पुढे नटॉल व स्ट्रिकलंड यांनी तो एक नसून दोन आहेत, हे दाखविले. आज त्यांना बाबेसिया कॅबाली आणि थायलेरिया इक्वी म्हणतात.

यांतील दुसरा अधिक कपटी. घोडा बरा होतो, दौडू लागतो. पण जंतू बहुधा जन्मभर त्याच्या रक्तात दडून राहतो. त्याला चावलेली गोचीड, किंवा त्याच्यावर वापरलेली सुई, तो दुसऱ्या जनावरास देऊ शकते. म्हणूनच रोगमुक्त देश अशा घोड्यांना सहसा प्रवेश देत नाहीत.

तेव्हा घोडा घेताना केवळ त्याच्या तुकतुकीत अंगावर भुलू नये. रक्त तपासून घ्यावे. कान, आयाळ आणि शेपटीखालची जागा रोज चाचपावी, तबेल्याच्या भिंतींच्या भेगा बुजवाव्यात. पूर्वीच्या स्वारांपाशी हे ज्ञान नव्हते. आपणांपाशी ते आहे. त्याचा उपयोग न करणे हा त्या मुक्या जनावरावर अन्याय होईल.