अणजूरचे गंगाजी नाईक

वसईचा विजय म्हटला कीं चिमाजी आप्पांचें नांव ओठांवर येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु प्रत्येक मोठ्या मोहिमेचा उगम राजधानींतच होतो असें नाहीं. वसईच्या मोहिमेचा एक उगम भिवंडी तालुक्यांतील अणजूर या खेड्यांत, तेथील एका जमीनजुमला असलेल्या गृहस्थाच्या घरांत सांपडतो. ते गृहस्थ म्हणजे गंगाजी नाईक अणजूरकर.

अणजूर हें उल्हास नदीच्या खाडीच्या उत्तरेस आहे. खाडीपलीकडे ठाणें आणि साष्टी. या बाजूची खार जमीन निसर्गानें आयती दिलेली नाहीं. भरतीचें खारें पाणी दिवसांतून दोनदां आंत शिरावयाचें. जुन्या लोकांनीं बांध घालून तें अडविलें, पावसाच्या पाण्यानें मातींतलें मीठ धुऊन काढलें, आणि मग तेथें भात पिकूं लागलें. एकदां बांध फुटला कीं कित्येक वर्षांची मेहनत वाया जाई. बिंब राजाबरोबर येऊन उत्तर कोंकणांत वसलेल्या कुळांची कथा महिकावतीच्या बखरींत आहे. तिच्यांत इतिहास किती आणि दंतकथा किती, हा वाद बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. येथील जुनीं घराणीं स्वतःला या भूमीचीं नुसतीं मालक समजत नव्हतीं. आपल्या पूर्वजांनीं ही भूमि वसविली, असा त्यांचा अभिमान होता. नाईकांचें घराणें अशा जुन्या घराण्यांपैकींच होतें.

सन १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें वसई आणि तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. तेव्हांपासून दोनशें वर्षें खाडीपलीकडे त्यांचा अंमल होता. सन १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन म्हणजे धर्मखात्याचें न्यायासन स्थापन झालें. हिंदूंच्या उघड धर्मविधींवर बंधनें आलीं, आणि बापाविना उरलेल्या मुलांना मिशनऱ्यांच्या ताब्यांत देऊन बाप्तिस्मा देण्याचा कायदा झाला. अशा राज्यांत शेतकऱ्यापुढें तीनच वाटा उरतात: धर्म सोडावा, भूमि सोडावी, किंवा मान खालीं घालून दिवस काढावे. ज्यानें बांध घातला त्याला भूमि सोडवत नाहीं, आणि ज्याच्या घरीं मुलेंबाळें आहेत त्याला निर्धास्तपणें राहवत नाहीं. गंगाजी नाईकांनीं या तिन्ही वाटा नाकारल्या आणि चौथी धरली. ती वाट घाटावर जात होती.

सन १७२० च्या सुमारास कल्याण-भिवंडीचा मुलूख मराठ्यांच्या हातीं आला आणि नाईकांच्या आशेला आधार मिळाला. ते चिंचवडास गेले, तेथें त्यांनीं अनुष्ठान केलें, आणि मोरया गोसावींच्या परंपरेंतील नारायण महाराज देव यांनीं त्यांना आशीर्वादासह गणपतीची मूर्ति दिली, असें घराण्याची परंपरा सांगते. आशीर्वाद मिळाला, फौज मात्र लगेच मिळाली नाहीं. पुण्यास त्या वेळीं उसंत नव्हती. सन १७२८ मध्यें पालखेडास निजामाशीं सामना, सन १७३१ मध्यें डभईस दाभाड्यांशीं लढाई, आणि सन १७३३ पासून जंजिऱ्याच्या सिद्दीशीं युद्ध. पेशव्यांच्या दृष्टीनें साष्टी हें अनेक प्रश्नांपैकीं एक प्रश्न होतें. नाईकांच्या दृष्टीनें दुसरा प्रश्नच नव्हता. शेतीभाती असलेला, कुटुंबवत्सल माणूस एका कार्यासाठीं वर्षानुवर्षें खेटे घालीत राहतो, निराश होऊन घरीं बसत नाहीं, हा पराक्रम रणांगणावरील पराक्रमाहून कमी प्रतीचा नव्हे.

सन १७३६ मध्यें चिमाजी आप्पांच्या हातून सिद्दी सात मारला गेला, कोंकणांतील मोठी अडचण दूर झाली, आणि पुढच्याच वर्षीं ठाण्यावर जाण्याचें ठरलें. आतां नाईकांच्या जन्मभराच्या अनुभवाचें मोल कळून आलें. घाटावरच्या शिपायाला घोडा आणि डोंगर माहीत. खाडीची भरती-ओहोटी, चिखलांतली पायवाट, कोणत्या घडीला होडी लागेल आणि कोणत्या घडीला रुतेल, हें त्याला कोठून कळावें? अणजूरकर बंधूंनीं ही माहिती पुरविली आणि पोर्तुगीज हद्दींतील लोकांशीं आंतून संधान बांधलें. ठाण्याच्या किल्ल्याचें बांधकाम अद्याप पुरें झालेलें नव्हतें. सन १७३७ च्या चैत्रांत मराठ्यांनीं रात्रीं खाडी ओलांडली आणि ठाणें घेतलें. त्याबरोबर साष्टीचें दार उघडलें.

वसईला मात्र आणखी दोन वर्षें लागलीं. सन १७३९ च्या फेब्रुवारींत चिमाजी आप्पांनीं वेढा आवळला. सुरुंग लागले, बुरूज ढासळले, दोन्हीं बाजूंचीं असंख्य माणसें पडलीं. अखेर १६ मे रोजीं किल्ल्यानें शरणागति पत्करली. ठरलेल्या अटींप्रमाणें शिबंदीस शस्त्रांसह मानानें जाऊं दिलें, आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. ते ख्रिस्ती शेतकरीहि त्याच मातींतले होते. ज्या तक्रारीसाठीं नाईक घाट चढले, तीच तक्रार दुसऱ्यांना करावी लागूं नये, हें या अटींत कबूल झालें. विजयाची खरी शोभा येथें दिसते.

गंगाजी नाईकांची हकीकत मुख्यतः साष्टीच्या बखरींत येते, आणि ती बखर अणजूरकरांचें कर्तृत्व गाणारी आहे. तिच्यांतील प्रत्येक शब्द प्रमाण मानण्याचें कारण नाहीं. चमत्कार वजा करावे, घराण्याचा अभिमानहि कांहीं अंशीं वजा करावा. एवढें करूनहि जें उरतें तें पुरेसें आहे. आप्पांची तरवार नसती तर नाईकांचें गाऱ्हाणें हवेंत विरलें असतें. आणि नाईकांसारखे वाटाडे नसते तर त्या तरवारीला खाडीचा उतार सांपडणें कठीण होतें.

साष्टीवरील मराठ्यांचें राज्य चाळीस वर्षेंहि टिकलें नाहीं. सन १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि सन १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडेच राहिली. आज अणजूरच्या परिसरांत भाताच्या खाचरांच्या जागीं मालाचीं मोठमोठीं गोदामें उभीं आहेत, आणि अणजूर फाट्यावरून मालमोटारींची रांग दिवसरात्र सरकत असते. गांवांत नाईकांचा गणपति मात्र अजून आहे. राज्यें आलीं आणि गेलीं. घर, देव आणि गांव यांसाठीं घाट चढून गेलेल्या त्या गृहस्थाची आठवण त्या देव्हाऱ्यानें जपून ठेविली आहे.