गॅलॉडेट घराणे आणि बधिरांची भाषा

अमेरिकेतील बधिर-शिक्षणाचा इतिहास सामान्यतः थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट (१७८७–१८५१) या धर्मोपदेशकाच्या चरित्राच्या अनुषंगाने सांगितला जातो. १८१७ साली कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे त्याने सुरू केलेली शाळा ही त्या देशातील बधिरांची पहिली स्थायी शाळा होय. तथापि या कार्याच्या सातत्याचा उलगडा संस्थापकाच्या चरित्राइतकाच त्याच्या कुटुंबाच्या, विशेषतः त्याच्या बधिर पत्नीच्या, चरित्रातून होतो.

शेजारी राहणाऱ्या डॉ. मेसन कॉग्जवेल यांची बधिर कन्या ॲलिस हिच्या निमित्ताने गॅलॉडेट या प्रश्नाकडे वळला. शिक्षणपद्धती शिकून घेण्यासाठी १८१५ साली त्याला युरोपात पाठविण्यात आले. ब्रिटनमध्ये ही विद्या ब्रेडवुड घराण्याच्या हाती होती व ते ती आपल्या उपजीविकेचे गुपित म्हणून जपत असे. दीर्घकाळ उमेदवारी करावी व पद्धती इतरांस सांगू नये, या त्यांच्या अटी गॅलॉडेटला मान्य होण्याजोग्या नव्हत्या. उलट पॅरिसच्या शाळेचे प्रमुख सिकार यांनी त्याला मुक्तपणे शिकविले. तेथील बधिर अध्यापक लॉरां क्लेर १८१६ साली त्याच्यासमवेत अमेरिकेस आला. हार्टफर्डचे अध्यापन संकेतभाषेच्या पायावर उभे राहिले ते यामुळे.

शाळेच्या पहिल्या वर्षीच गिलफर्ड येथील सोफिया फाउलर ही जन्मतः बधिर असलेली एकोणीस वर्षांची तरुणी तेथे दाखल झाली. १८२१ साली गॅलॉडेटने तिच्याशी विवाह केला. त्यांच्या आठ अपत्यांना संकेतभाषा शाळेत शिकावी लागली नाही. ती त्यांची, शब्दशः, मातृभाषा होती. थोरला मुलगा थॉमस याने १८५२ साली न्यू यॉर्क येथे बधिरांसाठी सेंट ॲन चर्चची स्थापना केली. धाकटा एडवर्ड १८५७ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, वॉशिंग्टन येथील नव्या शाळेचा प्रमुख झाला. विधवा सोफिया त्याच्याबरोबर गेली आणि १८६६ पर्यंत तिने तेथील वसतिगृहाची व्यवस्था पाहिली. ८ एप्रिल १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी या संस्थेस पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. १८९४ साली तेथील महाविद्यालयास थोरल्या गॅलॉडेटचे नाव देण्यात आले.

या घरगुती वारशाची कसोटी १८८० साली मिलान येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत लागली. वाणीचे शिक्षणच श्रेष्ठ मानून संकेतांना शाळेतून वगळणारे ठराव तेथे प्रचंड बहुमताने संमत झाले. दोघा गॅलॉडेट बंधूंसह अमेरिकी प्रतिनिधी विरोधात राहिले. एडवर्डचा वाणीशिक्षणास विरोध नव्हता. संकेत व वाणी यांची सांगड घालावी, असे त्याचे प्रतिपादन होते.

बधिर मातेच्या सहवासानेच हे मत घडले, असे मात्र सरळ म्हणता येत नाही. वाणीपक्षाचा अमेरिकेतील अग्रणी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याची आई व पत्नी दोघीही बधिर होत्या. परंतु त्या दोघींचा व्यवहार इंग्रजी भाषेतूनच चाले. सोफियाच्या घरात मात्र संकेतभाषेलाच संसाराच्या भाषेचे स्थान होते. म्हणजे घरात बधिर व्यक्ती असणे यापेक्षा तिची भाषा घराने स्वीकारणे हेच निर्णायक ठरले.

या वारशाला मर्यादाही होती. भाषा मान्य झाली, तरी सत्ता ऐकणाऱ्यांच्याच हाती राहिली. सोफियाने वसतिगृह सांभाळले. अध्यक्षपद मात्र १९१० पर्यंत तिच्या ऐकणाऱ्या पुत्राकडे होते. १८६४ नंतर १२४ वर्षांनी, १९८८ च्या विद्यार्थी-आंदोलनामुळे, आय. किंग जॉर्डन हा त्या विद्यापीठाचा पहिला बधिर अध्यक्ष झाला. बधिरांसाठी उभारलेली संस्था बधिरांची होण्यास लागलेला हा काळ गॅलॉडेट घराण्याच्या कार्याचे मूल्यमापन करताना दृष्टीआड करता येणार नाही.