बोर्ड : एका फळीचा इतिहास

इंग्रजी भाषेंतील लांबलचक शब्दांना आपण उगाच भितों. कोशांत पाहून त्यांचा अर्थ एकदां कळला, कीं ते बापडे आपली जागा सोडीत नाहींत. खरी फजिती करतात ते लहान शब्द. 'बोर्ड' हा असाच एक शब्द होय. तो मराठींत इतका रुळला आहे कीं, त्याला परका म्हणण्याचें धारिष्ट आतां कोणी करणार नाहीं. शाळेंत गुरुजी बोर्डावर गणित मांडतात. दुकानावर नांवाचा बोर्ड झळकतो. घरांतील मुलगी बोर्डाच्या परीक्षेला बसते. परगांवीं शिकणारा मुलगा बोर्डिंगांत राहतो. कंपनीचा कारभार तिचें बोर्ड पाहतें. आणि विमानानें निघालेल्या गृहस्थाच्या हातीं बोर्डिंग पास असतो. मराठीनें तर त्याला दोन लिंगेंहि देऊन टाकलीं आहेत. पाटी ह्या अर्थीं 'तो' बोर्ड, आणि मंडळ ह्या अर्थीं 'तें' बोर्ड! परंतु श्रोतेहो, फळा, जेवण, जहाज आणि अधिकारी मंडळ ह्यांचें एकमेकांशीं नातें तरी काय? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें, म्हणजे हजार वर्षांच्या इतिहासांतून फिरून यावें लागतें.

प्राचीन इंग्रजींत 'बोर्ड' म्हणजे चिरलेल्या लाकडाची साधी फळी. ह्याच रूपाचा आणखी एक शब्द त्या भाषेंत होता, आणि त्याचा अर्थ कड, विशेषतः जहाजाची बाजू, असा होता. जहाजाची बाजू फळ्यांचीच असल्यामुळें हे दोन शब्द एकमेकांत असे मिसळून गेले, कीं दोन ओढ्यांचें पाणी नदींत मिळाल्यावर वेगळें काढतां येऊं नये. युरोपच्या उत्तर भागांतील इतर भाषांतहि ह्या शब्दाचे भाऊबंद आहेत. स्वीडनमध्यें आजहि 'बोर्ड' म्हणजे टेबल.

प्रथम जहाजाकडे वळूं. त्या काळच्या उत्तरेकडील जहाजांना मागें मध्यभागीं सुकाणूं नसे. उजव्या बाजूस मागील अंगाला एक रुंद वल्हें बांधलेलें असे, आणि त्यानें जहाज वळवीत. म्हणून उजवी बाजू ती 'स्टारबोर्ड', म्हणजे सुकाणूंची बाजू. ह्या नांवाचा आकाशांतील ताऱ्यांशीं कांहीं संबंध नाहीं. सुकाणूं मोडूं नये ह्यासाठीं जहाज धक्क्याला लावतांना डावी बाजू लावीत. ह्या डाव्या बाजूस पुढें 'लारबोर्ड' म्हणूं लागले. परंतु वादळाच्या गोंगाटांत स्टारबोर्ड आणि लारबोर्ड ह्यांचे उच्चार सारखेच ऐकूं येत, आणि चुकीच्या दिशेला वळलेलें जहाज खडकावर जाण्याची भीति असे. अखेर १८४४ सालीं ब्रिटिश आरमाराच्या वरिष्ठांनीं हुकूम काढून लारबोर्ड हा शब्द बंद केला व त्याच्या जागीं 'पोर्ट' हा शब्द घातला. जहाजाची कड ओलांडून आंत जाणें तें बोर्डिंग. पुढें तोच शब्द आगगाडीला व विमानालाहि लागू झाला.

आतां जमिनीवरील फळीकडे येऊं. मध्ययुगीन इंग्लंडांत सरदाराच्या वाड्यांतसुद्धां कायमचें टेबल क्वचितच असे. जेवणाची वेळ झाली कीं, लाकडी घोड्यांवर लांब फळ्या मांडीत. जेवण उरकलें कीं, त्या काढून भिंतीशीं लावून ठेवीत. अर्थात् फळी मांडली ह्याचा अर्थ जेवण तयार झालें असा होई. ह्यामुळें 'बोर्ड' म्हणजे प्रथम जेवणाची फळी, मग टेबल, आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास तर खुद्द जेवणच, असा अर्थ पालटत गेला. पेले मांडून ठेवण्याची फळी तें 'कपबोर्ड'. त्याला दारें पुढें आलीं आणि त्याचें कपाट झालें. पैसे घेऊन ज्याला जेवूं घालावयाचें तो 'बोर्डर'. आणि जेथें मुलें राहून जेवतात तें बोर्डिंग. आपल्याकडेहि भोजनाला फळी होतीच; तिला आपण पाट म्हणतों. फरक इतकाच कीं, आपण ती जेवणाऱ्याच्या खालीं घातली आणि त्यांनीं ती ताटाखालीं घातली.

ज्या फळीभोंवतीं बसून जेवावयाचें, तिच्याभोंवतींच बसून मसलतहि होत असे. सोळाव्या शतकाच्या सुमारास ह्या मसलतीच्या टेबलाचें नांव तेथें बसणाऱ्या माणसांना मिळालें. इंग्लंडच्या राजवाड्याचे हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मंडळाला 'हिरव्या कापडाचें बोर्ड' असें नांव होतें. कारण त्यांच्या टेबलावर हिरवें कापड अंथरलेलें असे. अशा एका टेबलाची झळ आपणांसहि लागली आहे. १७८४ सालीं, म्हणजे पुण्यास सवाई माधवरावांची कारकीर्द चालू असतां, लंडनमध्यें पार्लमेंटनें 'बोर्ड ऑफ कंट्रोल' स्थापन केलें. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी, लष्करी व वसुली कारभारावर ह्या बोर्डाची देखरेख १८५८ पर्यंत चालली. ज्यांनीं हिंदुस्थानचा किनारा कधीं पाहिला नाहीं, अशीं माणसेंहि त्या टेबलाशीं बसून येथल्या कोट्यवधि प्रजेच्या भवितव्यावर सह्या करीत. गंमत अशी कीं, १९२८ सालीं स्थापन झालेल्या भारतीय क्रिकेटच्या मध्यवर्ती संस्थेच्या इंग्रजी नांवांत हेच 'बोर्ड ऑफ कंट्रोल' शब्द आहेत.

ह्याप्रमाणें एकाच फळीला दोन अर्थ फुटले. एक अन्नाचा आणि दुसरा अधिकाराचा. हे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले म्हणजे काय होतें, तें इंग्लंडच्या इतिहासांत एकदां फार स्पष्ट दिसलें. १८३४ सालीं तेथें गरिबांविषयींचा नवा कायदा झाला. निराधारांना घरबसल्या मिळणारी मदत तोडून त्यांना शक्य तों 'वर्कहाउस' नांवाच्या अनाथगृहांत घालावें, आणि तेथील राहणी इतकी कष्टाची ठेवावी कीं कोणी हौसेनें येऊं नये, असें त्याचें धोरण होतें. ह्या गृहांचा कारभार पाहण्यास ठिकठिकाणीं 'पालकांचीं बोर्डें' नेमण्यांत आलीं. चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' ही कादंबरी १८३७ पासून १८३९ पर्यंत मासिकांतून प्रसिद्ध होत होती. तिच्या आरंभीं नऊ वर्षांच्या अनाथ ऑलिव्हरला ह्या मंडळापुढें उभें करतात आणि बोर्डाला नमस्कार कर म्हणून सांगतात. त्या पोराला बोर्ड म्हणजे फळी एवढेंच ठाऊक. फळी कोठें दिसेना, म्हणून तो समोरच्या टेबलालाच नमस्कार करतो. वाचक हंसतो, पण शब्दाचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याच्या लक्षांत येईल कीं, मुलाचें कांहींच चुकलें नव्हतें. बोर्ड म्हणजे मुळांत टेबलच. आणि टेबल म्हणजे जेवण. पुढें तोच मुलगा पातळ पेज आणखी थोडी वाढा म्हणून मागतो, तेव्हां तेंच बोर्ड त्याला कोंडून ठेवतें, आणि जो ह्याला घेऊन जाईल त्याला पांच पौंड बक्षीस, अशी जाहिरात दारावर लावतें. अन्नाच्या फळीवर बसलेल्यांना अन्नाचाच विसर पडला होता.

परंतु बोर्ड म्हटलें कीं तें निष्ठुरच असावयाचें, असें मात्र नाहीं. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यानें इंग्लंडांत लोकांनीं निवडलेलीं स्कूल बोर्डें आलीं. त्यांच्या निवडणुकींत स्त्रियांना उभें राहण्याची मुभा होती. लंडनच्या पहिल्या बोर्डावर डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट व एमिली डेव्हिस ह्या दोन विदुषी निवडून आल्या. पार्लमेंटच्या निवडणुकींत मत देण्याचा हक्क तेथील स्त्रियांना १९१८ सालीं मिळाला, तोहि तीस वर्षांवरील कांहीं स्त्रियांनाच. म्हणजे मुलांच्या शाळेच्या टेबलाशीं स्त्रीला जवळजवळ अर्धें शतक आधीं जागा मिळाली. १९०२ च्या कायद्यानें हीं बोर्डें मोडण्यांत आलीं, पण त्यांनीं बांधलेल्या शाळा राहिल्या.

आपल्याकडे लॉर्ड रिपन ह्यांच्या १८८२ च्या ठरावानंतर, १८८४ सालीं मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा झाला. 'लोकल बोर्डाची शाळा' हे शब्द खेड्यापाड्यांतील कित्येक पिढ्यांच्या तोंडीं होते. १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या आणि तें नांव मागें पडलें. कागदोपत्रीं आपण बोर्डाला मंडळ म्हणतों. मंडळ म्हणजे वर्तुळ. इंग्रजांनीं सभेला नांव दिलें तें मधल्या फळीवरून, आणि आपण दिलें तें भोंवतीं बसलेल्या माणसांच्या वेढ्यावरून.

तथापि महाराष्ट्रानें ह्या शब्दाचा सर्वांत सुंदर उपयोग केला तो 'बोर्डिंग' ह्या रूपांत, असें मला वाटतें. कोल्हापुरास राजर्षि शाहू महाराजांच्या पुढाकारानें १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंग निघालें आणि मागोमाग इतर अनेक समाजांचीं निघालीं. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत व एका पंगतींत जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला छत्रपति शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. मुलांच्या जेवणाची अडचण पडली, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं आपले दागिने, आणि शेवटीं मंगळसूत्रहि, दिलें. त्यांच्या हातीं कोणत्याहि बोर्डाचा अधिकार नव्हता. पण बोर्ड ह्या शब्दाचा जुना अर्थ त्यांनीं पुरतेपणीं पाळला.

शब्दांचा इतिहास हा केवळ पंडितांचा विरंगुळा नव्हे. आपण सारे कोठल्या ना कोठल्या बोर्डावर असतों. शाळेच्या, पेढीच्या, निदान राहत्या इमारतीच्या तरी. त्या टेबलाशीं बसतांना इतकें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ झालें, कीं ही फळी प्रथम कोणाला तरी जेवूं घालण्यासाठीं मांडलेली होती, आणि आपल्या सह्यांचे कागद तिच्यावर मागाहून आले.