एका जुन्या आगबोटीची गोष्ट

बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी आधी बैलाचे दात पाहतो, मग त्याला चालवून पाहतो, आणि मगच किमतीचे बोलणे काढतो. शिंगांना लावलेल्या रंगाला तो भुलत नाही. कोकणातला नाखवा जुना मचवा घेताना असाच तळापासून फळी फळी ठोकून पाहतो. जुनी वस्तू घेण्यात फायदा असतो तसा धोकाही असतो. पैसे कमी पडतात, वस्तू ताबडतोब हाती येते. पण आधीच्या मालकाने ती कशी वापरली, ते पुढे हळूहळू कळते.

आज मी तुम्हांला अशाच एका जुन्या वस्तूची हकीकत सांगणार आहे. ही वस्तू म्हणजे एक भली मोठी आगबोट. ती बांधली इंग्लंडात, चालली कॅनडा आणि हाँगकाँग यांच्या दरम्यान, मग आली एका मराठी संस्थानिकाकडे, आणि शेवटी विकत घेतली मुंबईच्या चार व्यापाऱ्यांनी. तिची आठवण म्हणून आपल्या देशात दर वर्षी ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. १९६४ सालापासून ही प्रथा आहे.

या बोटीचे पहिले नाव होते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. इंग्लंडातल्या बॅरो या गावच्या गोदीत १८९० साली ती पाण्यात उतरली. मालक होती कॅनेडियन पॅसिफिक नावाची रेल्वे कंपनी. या कंपनीची आगगाडी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हॅंकूव्हरला जाऊन थांबत असे. तिथून पुढे जपान आणि चीनकडे टपाल आणि उतारू नेण्यासाठी तिने तीन जुळ्या आगबोटी बांधून घेतल्या. त्यांतली ही पहिली. पांढरी शुभ्र, दोन धुरांड्यांची, तीन डोलकाठ्यांची. लांबी सुमारे ४५६ फूट आणि टनेज ५,९०५. शिक्षक बंधुभगिनींसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. बोटीचे हे टनेज म्हणजे तिचे वजन नव्हे. ते आहे तिच्या पोटातल्या जागेचे माप. १०० घनफूट जागा म्हणजे एक टन. मुलांचा येथे हमखास घोटाळा होतो.

वीस-बावीस वर्षे या बोटीने पॅसिफिक महासागर ओलांडला. मग १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. त्या वर्षअखेर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली आणि जखमी हिंदी शिपायांसाठी तिचे तरते इस्पितळ केले. शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे, हे आपण जाणताच. १९१५ च्या जानेवारीत बोटीचे नाव बदलून ‘लॉयल्टी’ ठेवण्यात आले. लॉयल्टी म्हणजे राजनिष्ठा. काळच तसा होता.

१९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबले. इस्पितळाचे काम संपले, बोट विक्रीला निघाली. आणि येथे आपल्या गोष्टीत वालचंद हिराचंद येतात. हे सोलापूरचे. जन्म १८८२ चा. घरची सावकारी आणि कापसाचा व्यापार सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक नावाच्या भागीदाराबरोबर बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले, आणि तेथून ते वर चढत गेले. दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत एका ओळखीच्या इंग्रज गृहस्थाकडून त्यांना या बोटीची बातमी लागली, असे सांगतात. मुंबईला पोचताच त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेतले. २७ मार्च १९१९ रोजी कंपनीची नोंदणी झाली. बोट शिंदे सरकारची, म्हणून कंपनीचे नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’. पुष्कळांना वाटते की ही ग्वाल्हेर दरबारची कंपनी होती. तसे नव्हते. महाराजांची बोट आणि त्यांचे नाव एवढेच कंपनीकडे आले.

आता कोणी विचारील, यांनी नवी बोट का नाही बांधून घेतली? पैसे तर उभे करणार होते! त्याचे उत्तर त्या काळात आहे. युद्धात जर्मन पाणबुड्यांनी हजारो व्यापारी बोटी बुडवल्या होत्या. इंग्लंडातल्या गोद्या स्वतःच्याच कंपन्यांच्या मागण्या पुऱ्या करण्यात गुंतल्या होत्या. नव्या बोटीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले असते. आणि आपल्या देशात एवढी मोठी आगबोट बांधणारी गोदी तर नव्हतीच. ज्या मुंबईत वाडियांनी एके काळी इंग्रजी आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली, त्या मुंबईला लोखंडी आगबोटीसाठी परदेशाच्या तोंडाकडे पाहावे लागत होते. जुनी घेणे हाच एक मार्ग उरला होता.

जुनी बोट एका मालकाकडून दुसऱ्याकडे, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाते तेव्हा नुसते पैसे मोजून भागत नाही. इंग्रजी कायद्यात प्रत्येक बोटीची बंदराच्या दफ्तरात नोंद असे, आणि गंमत अशी की बोटीच्या मालकीचे ६४ हिस्से धरले जात. विक्रीखत झाले की ते हिस्से दफ्तरात नव्या मालकाच्या नावावर चढवायचे. उतारू न्यायचे तर सरकारी तपासनीस येऊन तळ, बॉयलर, इंजिन, जीवरक्षक होड्या सारे पाहणार आणि मग दाखला देणार. दाखला नाही तर बोट बंदर सोडू शकत नाही. विमा उतरवायचा, कोळसा भरायचा, कप्तान आणि खलाशी जमवायचे. जमिनीच्या खरेदीत सात-बारा आणि फेरफार जसा, तसाच हा प्रकार. फक्त येथे जमीन पाण्यावर हलते!

या सगळ्यात खरी अडचण मात्र कागदांची नव्हती, ती सत्तेची होती. हिंदुस्थानला एवढा लांब किनारा. मुंबईचा कापूस, बंगालचा ताग, ब्रह्मदेशचा तांदूळ अशी मालाची नुसती रास. पण तो माल नेणाऱ्या बोटी बहुतेक सगळ्या विलायती. भाडे तेच ठरवणार आणि नफा त्यांच्याच देशात जाणार. परदेशी आगबोटींवर रत्नागिरीकडचे कितीतरी खलाशी आणि सारंग राबत होते. हाताला घट्टे पडेपर्यंत काम करावे, पण कप्तानाची टोपी हिंदी माणसाच्या डोक्यावर चढायची नाही, अशी रीत होती.

ही रीत मोडण्याचा प्रयत्न आधी झाला नव्हता असे नाही. १८९३ साली जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीच्या सहकार्याने बोटी भाड्याने घेऊन मुंबईहून पूर्वेकडे सूत आणि कापूस नेण्यास सुरुवात केली. प्रतिस्पर्धी विलायती कंपनीने आपले दर एकदम खाली आणले, आणि टाटांना ते काम सोडावे लागले. पुढे १९०६ साली तुतिकोरीनचे वकील चिदंबरम् पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. लोकमान्य टिळकांना ते गुरुस्थानी मानीत. त्यांनीही प्रथम भाड्याच्या बोटी चालवल्या. पण भाड्याची बोट मालकाला दम भरून काढून घेता येते, हा धडा लवकरच मिळाला. मग त्यांनी ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या दोन आगबोटी विकत घेतल्या आणि तुतिकोरीन ते कोलंबो अशी ये-जा सुरू केली. समोरच्या विलायती कंपनीने भाडे इतके उतरवले की शेवटी उतारूंना फुकट नेऊन वर छत्री भेट देण्यापर्यंत मजल गेली, असे सांगतात. १९०८ साली पिळ्ळै यांना राजद्रोहाच्या खटल्यात जबर शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच कंपनी बुडाली.

हे सगळे वालचंदांना ठाऊक होते. तरी त्यांनी पाऊल टाकले.

५ एप्रिल १९१९. ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. वालचंद आणि नरोत्तम मोरारजी स्वतः बोटीवर होते. श्रोतेहो, तारीख जरा लक्षात घ्या. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी पुकारलेला हरताळ होता. आणि पुढच्याच आठवड्यात, १३ एप्रिलला, जालियनवाला बागेत गोळ्या झडल्या. अशा दिवसांत ‘राजनिष्ठा’ नावाची बोट हिंदी मालकांना घेऊन समुद्रात शिरत होती. तिच्यावर निशाण अर्थात ब्रिटिश साम्राज्याचेच होते. दुसरे निशाण लावण्याची सोयच नव्हती. पण बोटीची मालकी आणि तिच्या नफ्यातोट्याचा हिशोब मात्र आपल्या माणसांच्या हातात होता. तेवढेच त्या दिवशीचे नवेपण.

येथून पुढे ‘लॉयल्टी’ने खोऱ्याने पैसा मिळवला, असे मी सांगितले तर तुम्हांला बरे वाटेल, पण तसे घडले नाही. बोट जवळजवळ तीस वर्षांची झालेली. युद्धात भरपूर राबलेली. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि उतारू-वाहतुकीचे गणित जमेना. १९२३ साली मुंबईतच ती मोडीत काढण्यात आली. बैल बाजारातून आणला, पण दोन-तीन हंगामांतच थकला, असा प्रकार झाला म्हणा ना. मग ती खरेदी चुकली का? हिशोबाच्या वहीत पाहिले तर तोटा दिसेल. पण या बोटीच्या निमित्ताने कंपनी उभी राहिली, भागभांडवल जमले, माणसे जमली. कंपनीने पुढे मालवाहू बोटी घेतल्या आणि किनाऱ्याच्या व्यापारात पाय रोवले.

तेव्हा विलायती कंपन्यांनी जुनेच हत्यार बाहेर काढले. रंगूनहून मुंबईला तांदूळ आणण्याचे भाडे टनाला १८ रुपयांवरून ६ रुपयांपर्यंत खाली आले. गिऱ्हाइकाला वाटावे, वा, स्वस्ताई झाली! पण ही स्वस्ताई कशासाठी होती, ते टाटांच्या आणि पिळ्ळै यांच्या अनुभवावरून आपण ओळखू शकतो. नवा दुकानदार उठला की भाव पुन्हा चढणार. या वेळी मात्र नवा दुकानदार उठला नाही. १९२३ साली तडजोड झाली. दहा वर्षांचा करार. सिंदियाने किनाऱ्याच्या व्यापारापुरतेच राहावे आणि आपल्या बोटींचे टनेज ७५,००० च्या वर नेऊ नये, असे बंधन पडले. अटी बोचणाऱ्याच होत्या. पण कंपनी जिवंत राहिली, आणि जिवंत राहिली म्हणूनच पुढचे सारे घडले.

१९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरिन’ या बोटीवर हिंदी मुलांना आगबोटीचे अधिकारी होण्याचे शिक्षण मिळू लागले. ही ‘डफरिन’ही नवी नव्हती बरं का. सैन्य वाहून नेणारी ती जुनीच बोट. तिची शाळा केली. १९२८ साली साराभाई हाजी यांनी किनाऱ्याचा व्यापार हिंदी बोटींसाठी राखून ठेवावा, असे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते तेव्हा कायदा होऊ शकले नाही; ती मागणी पुरी व्हायला स्वराज्य यावे लागले. १९४१ साली विशाखापट्टणमला सिंदियाच्या गोदीचा पाया राजेंद्रप्रसादांच्या हस्ते घातला गेला आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तेथे बांधलेली ‘जल-उषा’ ही आगबोट पाण्यात सोडली. एकोणतीस वर्षांपूर्वी दुसऱ्याची वापरलेली बोट विकत घेणारी कंपनी आता आपल्या देशात नवी बोट बांधत होती. वालचंदांनी हा दिवस पाहिला. १९५३ साली ते वारले. पुढे ही गोदी सरकारच्या ताब्यात गेली आणि काळाच्या ओघात सिंदिया कंपनीही मागे पडली.

परदेशातून जुने जहाज आणण्याची गरज स्वराज्यानंतरही लगेच संपली नाही. आपल्या आरमाराची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ हिचा अर्धवट पडलेला सांगाडा १९५७ साली इंग्लंडकडून घेतला आणि पुरा करून १९६१ मध्ये ती दाखल झाली. ‘विराट’ ही १९८७ मध्ये आली. तीही इंग्रजी आरमारात वापरलेली. ‘विक्रमादित्य’ २०१३ मध्ये रशियाकडून आली, तीसुद्धा जुनीच. आणि २०२२ च्या सप्टेंबरात कोचीनच्या गोदीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ आरमारात दाखल झाली. क्रम पाहा: आधी दुसऱ्याची जुनी, मग दुसऱ्याची पण आपण दुरुस्त करून घेतलेली, आणि शेवटी आपली. ‘लॉयल्टी’ ते ‘जल-उषा’ हाच क्रम येथेही दिसतो.

शिक्षक मंडळींना माझी एक विनंती आहे. ५ एप्रिलला शाळेत या बोटीची गोष्ट सांगा. नकाशावर बॅरो, व्हॅंकूव्हर, हाँगकाँग, मुंबई ही ठिकाणे मुलांकडून शोधून घ्या. त्यातून भूगोल होईल. टनेजचे गणित घाला. आणि मुलांना एक प्रश्न विचारा: भाडे १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आले तेव्हा तांदूळवाल्या व्यापाऱ्याने कोणाच्या बोटीत माल भरायला हवा होता? पुष्कळ मुले झटकन म्हणतील, स्वस्त बोटीत. त्यांना जरा थांबवा आणि पुढच्या वर्षीचे भाडे काय होईल, ते विचारा. आपल्या गावातल्या सहकारी सोसायटीपासून ते देशाच्या व्यापारापर्यंत हा प्रश्न पुन:पुन्हा येतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने द्यावे लागते.

‘लॉयल्टी’ मोडीत निघाली. तिचे लोखंड वितळून कुठे गेले कोण जाणे. पण जुनी बोट घेऊन समुद्रात शिरण्याचे जे धाडस त्या चौघांनी केले, ते वाया गेले नाही.