आर्केलॉन : आद्य की अधिपती?

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, शायेन नदीच्या खोऱ्यात, १८९५ साली जॉर्ज वीलँड यांना एका अवाढव्य समुद्री कासवाचे जीवाश्म सापडले. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याला नाव दिलं, 'आर्केलॉन इस्किरॉस'.

नाव सगळं ग्रीक. 'खेलोने' म्हणजे कासव. आपल्या 'कासव'सारखाच हा शब्दही जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या, दोन्ही कासवांना चालतो. त्याचं भावंड 'खेलुस' आजही नांदतं आहे. कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेचं शास्त्रीय नाव 'लेपिडोकेलिस'. त्यातलं 'केलिस' म्हणजे हेच 'खेलुस', आणि 'लेपिस' म्हणजे खवला. आर्केलॉनच्या नावातलं 'इस्किरॉस' म्हणजे बलवान.

अडतं ते 'आर्के'पाशी. या ग्रीक शब्दाला दोन अर्थ आहेत, आरंभ आणि सत्ता. 'आर्किऑलॉजी'त त्यातला पहिला दिसतो, 'मोनार्की'त दुसरा. म्हणून आर्केलॉनचा अर्थ कुणी 'आद्य कासव' सांगतं, कुणी 'कासवांचा राजा'.

जीवाश्मांची साक्ष राजाच्या बाजूची आहे. व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातला सांगाडा साडेचार मीटरहून लांब आहे. ज्ञात समुद्री कासवांत आर्केलॉन सर्वांत मोठं. उत्तर अमेरिकेच्या मधोमध पसरलेल्या उथळ समुद्रात ते सुमारे साडेसात ते आठ कोटी वर्षांपूर्वी राहत होतं. आद्यत्व मात्र त्याच्याकडे जात नाही. कोलंबियात सापडलेलं 'डेस्माटोकेलिस पाडिलाय' हे समुद्री कासव बारा कोटी वर्षांहून जुनं आहे.

आर्केलॉनच्याच कुळातल्या, कॅन्ससमधल्या एका कासवाला एडवर्ड कोप यांनी १८७०च्या दशकात 'प्रोटोस्टेगा' म्हटलं होतं. 'प्रोटोस' म्हणजे पहिलं आणि 'स्टेगे' म्हणजे छप्पर. पण हेही नाव पुरतं जुळत नाही; या कुळाच्या पाठीवर हाडांचं सलग छप्पर नव्हतं. आर्केलॉनच्या रुंद बरगड्यांमध्ये मोठ्या फटी होत्या, आणि त्यांवर बहुधा चामड्यासारखं आवरण असावं.

तरी ही नावं बदलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार अर्थ जुळत नाही एवढ्या कारणाने नाव रद्द होत नाही. नव्या शोधागणिक ते बदलत गेलं, तर शंभर वर्षांपूर्वीचं लेखन आजच्या अभ्यासकाला लागणारच नाही. नाव ओळख पटवतं; वर्णनाचं काम संशोधनाने करायचं.

मराठीत या प्राण्याबद्दल लिहिताना 'महाकूर्म' सहज सुचतो, पण त्यात नुसता आकार येतो. 'अग्र' या शब्दात आरंभ आहे आणि श्रेष्ठत्वही; 'अग्रणी' त्यातूनच आला. म्हणून मी 'अग्रकूर्म' सुचवतो. ग्रीक नावातले दोन्ही अर्थ त्यात शाबूत राहतात.