साठवण : दप्तराची आणि तबकडीची

धान्य पिकविणें जितकें अवघड, तितकेंच तें टिकविणेंहि अवघड, हें मराठवाड्यांतील शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको. ज्वारी घरीं आली म्हणजे कणगी भरावयाची, कणगी अपुरी पडली तर बळद, आणि त्याहूनहि अधिक पिकलें तर पेव, ही जुनी रीत. या रीतींत मोठी शिस्त होती. पेवाची जागा ओलीची नाहीं ना हें आधीं पाहावयाचें, कोणत्या पेवांत काय व किती आहे हें ध्यानांत ठेवावयाचें, आणि झांकण उघडल्यावर आंतली दूषित हवा निघून जाईपर्यंत खालीं उतरावयाचें नाहीं. घाई करणाऱ्याच्या जिवावर बेतत असे. अलीकडे माहितीच्या साठवणीचें जें नवें शास्त्र झालें आहे, त्याचेहि नियम थोड्याबहुत फरकानें हेच आहेत.

बीड जिल्ह्यांतील धारूर तालुक्यांत तेलगांव म्हणून गांव आहे. बीडहून परळीकडे जाणारा आणि माजलगांवहून धारूरकडे जाणारा असे दोन रस्ते तेथें मिळतात. साखर कारखान्यामुळें उसाच्या दिवसांत तेथें गाड्यांची रीघ लागते. या टापूला साठवणीचा एक मोठा धडा डोळ्यांसमोरच पाहावयास मिळाला. पैठण येथें गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं बसली व १९७६ सालीं धरणाचें उद्‌घाटन झालें. पुढें याच योजनेचा दुसरा टप्पा म्हणून सिंदफणा नदीवर माजलगांवचें धरण १९८७ च्या सुमारास पुरें झालें, आणि पैठणच्या उजव्या कालव्याचें पाणी त्यांत आणून सोडण्याची सोय करण्यांत आली. म्हणजे पहिल्या भांडारास दुसरें भांडार जोडून देण्यांत आलें. नवें भांडार केवळ बांधून भागत नाहीं, तर तें जुन्यास नीट जोडावें लागतें आणि त्यांतील पाण्याची वांटणी ठरवावी लागते, हें तत्त्व येथें स्पष्ट दिसतें.

आतां कागदांकडे वळूं. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. पहिल्या सालारजंगाच्या कारकीर्दींत १८६५ सालीं जिल्हाबंदी झाली व महसुलाच्या दप्तरास नवी घडी बसली. त्या अमदानींतील कागद बहुतांशीं उर्दूंत, त्यापूर्वींचे कित्येक मोडींत. पुढें १९५४ सालचीं खासरा पत्रकें आलीं, तींहि रुमालांत बांधून फडताळांत गेलीं. जागा कमी पडली म्हणजे कचेरींत आणखी एक फडताळ आणावयाचें, एवढाच साठवण वाढविण्याचा उपाय त्या वेळीं ठाऊक होता. या जुन्या कागदांचें मोल किती, याचा प्रत्यय २०२३ सालीं आला. मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधण्याकरितां निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिति नेमली, आणि गांवोगांवचीं दप्तरें पुन्हां उघडलीं गेलीं. एखाद्या आजोबाचें नांव एका जीर्ण पानावर आढळतें कीं नाहीं, यावर नातवंडांचा दाखला अवलंबून राहिला. असे कागद यंत्रानें टिपून ठेवण्याची निकड त्यामुळें सर्वांच्याच ध्यानीं आली.

परंतु टिपून ठेवावयाचें म्हणजे किती जागा लागते, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सामान्य आकाराचें एक पान इंचास तीनशें ठिपके या प्रमाणांत रंगीत टिपलें, तर सुमारें ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट धरले तर एका पानास २ कोटि ६० लाख बाइट लागतात. चित्र आंखडून ठेवण्याच्या युक्तीनें हा बोजा बराच कमी होतो. तथापि मूळ बरहुकूम ठेवावयाचें तर एक लाख पानांना अडीच टेराबाइटांहून अधिक जागा हवी. मजकूर अक्षरशः टंकून घेतला तर काम फार स्वस्तांत होतें. संगणकाच्या प्रचलित लिपिसंकेतांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. दोन हजार चिन्हांचें पान सहा हजार बाइटांत मावतें. मात्र टंकलेल्या मजकुरांत मूळ पानावरील शिक्का, सही व खाडाखोड दिसत नाहीं, आणि पुराव्याच्या कामीं नेमकें तेंच हवें असतें.

इतकी जागा मनुष्यानें मिळविली ती केवळ सत्तर वर्षांत. १९५६ सालीं अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें चुंबकीय तबकड्यांचें पहिलें साठवणयंत्र बाजारांत आणलें. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या त्यांत फिरत, त्याचें वजन टनाच्या घरांत होतें, आणि त्यांत मावत अवघीं पन्नास लाख अक्षरें. वर सांगितलेलें एक रंगीत पान ठेवावयाचें तर अशीं पांचांहून अधिक यंत्रें लागलीं असतीं! आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हा संगणक कामास लागला. त्याच्या चुंबकीय कड्यांच्या स्मृतींत ४० अंकांचे २०४८ शब्द राहत. त्या काळीं एवढेंहि पुष्कळ वाटे.

यंत्रें महाग आणि काम करणारे अनेक. तेव्हां एकाच यंत्राचीं अनेक यंत्रें करतां येतील काय, असा विचार पुढें आला. आय.बी.एम.च्या केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनीं १९६७ च्या सुमारास तो प्रत्यक्षांत उतरविला, आणि १९७२ सालीं त्या कंपनीनें ही व्यवस्था सर्वांना खुली केली. प्रत्येकास वाटावें कीं सारें यंत्र आपलेंच आहे. वस्तुतः तें एकच. खऱ्या तबकडीचा एक लहान तुकडा प्रत्येक आभासी यंत्रास त्याची स्वतंत्र तबकडी म्हणून देत. वाडा एक, परंतु प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र दार, असाच हा प्रकार. पुढें १९९८ सालीं व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन झाली व सामान्य संगणकांवर ही विद्या आली. २००७ सालीं लिनक्सच्या गाभ्यांतच तिचा समावेश झाला. तबकड्यांविषयींहि एक महत्त्वाचा विचार १९८८ सालीं कॅलिफोर्नियांतील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं मांडला. एका महाग तबकडीवर विसंबण्याऐवजीं अनेक स्वस्त तबकड्यांचा संघ करावा, आणि एक बंद पडली तरी माहिती इतरांवरून मिळावी अशी योजना ठेवावी, हें त्याचें सार.

अशा सर्व्हरवरील जागा संपत आली म्हणजे नवी तबकडी कशी जोडावी, याचा एक ठराविक क्रम आहे. प्रथम असलेल्या माहितीची प्रत अन्यत्र घ्यावी. नंतर नवी तबकडी बसवून ती नेमकी कोणती हें तिच्या कारखानी क्रमांकावरून ओळखावें. कारण यंत्र तिला जें नांव देतें तें पुन्हां सुरू करतांना बदलूं शकतें, आणि चुकून जुनी तबकडी कोरी केली गेली तर दप्तरास काडी लावल्यासारखेंच होतें. मग तिला भांडाराचा घटक म्हणून खूण करावी, जुन्या भांडारांत सामील करावी, व त्या वाढलेल्या भांडारांतून आभासी यंत्राची तबकडी मोठी करावी. येथेंच काम संपलें असें अनेकांस वाटतें. परंतु आंतल्या यंत्रास आपली वाढलेली हद्द अजून ठाऊक नसते. त्यांतील विभाग वाढवावा लागतो, आणि शेवटीं फाइलींची व्यवस्थाहि त्या हद्दीपर्यंत ताणावी लागते. धरणांत पाणी आलें, पण पोटचारी खणली नाहीं, तर शेत कोरडेंच राहणार! शिवाय एकटी तबकडी जोडणें धोक्याचें. ती बिघडली तर तिच्यावर पसरलेलें सारें जातें. यास्तव ती जोडीनें, एकीची प्रतिमा दुसरीवर राहील अशी बसवावी.

याहूनहि फसवी गोष्ट म्हणजे कबुलीची जागा. प्रत्येक आभासी यंत्रास शंभर मापें कबूल करावयाचीं, पण प्रत्यक्ष भांडारांत तितकीं नसावयाचीं. सर्वजण एकदम मागणार नाहींत या भरंवशावर कारभार चालावयाचा. कांहीं काळ तो चालतोहि. परंतु ज्या दिवशीं भांडार खरोखर भरतें, त्या दिवशीं एक नव्हे, त्यावरील सारींच यंत्रें अडतात. कालव्याच्या शेवटास असलेल्या शेतकऱ्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत पैठणचा जलाशय मृतसाठ्यावर आला, तेव्हां नकाशावरील लाभक्षेत्र होतें तितकेंच होतें. पाणी मात्र नव्हतें. म्हणून कबुली किती व शिल्लक किती, याची नोंद रोज पाहणारा दक्ष मनुष्य हवा.

आणि तबकड्यांची जोडी म्हणजे सुरक्षिततेची सनद नव्हे. एकीवर चुकून पुसलेलें दुसरीवरहि त्याच क्षणीं पुसलें जातें, आणि आग लागली तर दोघी एकदमच जळतात. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत मंत्रालयास आग लागली, तींत माणसें दगावलीं आणि कागदी नस्त्यांचे ढीग भस्म झाले. एकाच छपराखालीं सर्वस्व ठेवण्याचा अर्थ काय, हें त्या दिवशीं साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दूर गांवीं, हा जाणत्यांचा नियम त्यासाठींच आहे. आणि ती दूरची प्रत मधूनमधून उघडून वाचली जाते कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें. न उघडलेल्या पेवांतली ज्वारी चांगलीच आहे असें गृहीत धरणारा शहाणा नव्हे.

२०१८ पासून महाराष्ट्रांत संगणकीय सहीचा सातबारा मिळूं लागला आहे. तेलगांवच्या शेतकऱ्यास आपल्या जमिनीचा उतारा हातीं येतो तो पडद्यावरून. तो कोणत्या तबकडीवर आहे, ती कोणीं जोडली, हें त्यास ठाऊक नसतें आणि ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं. पूर्वीं हा विश्वास दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनावर असे. आज तो दूरच्या एका खोलींत नवी तबकडी बसविणाऱ्या तंत्रज्ञावर आहे. कारकुनाच्या हातून रुमाल हरवला तर एका गांवाच्या नोंदी जात; या तंत्रज्ञाच्या हातून क्रम चुकला तर जिल्ह्याच्या जातील. साधनें बदललीं आहेत. कामांतील जोखीम मात्र वाढलीच आहे.