दोष कोणाचा?

ग्रहणाचा दिवस आला, की आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील कितीतरी घरांत गरोदर सुनेला घराबाहेर पडू दिले जात नसे. तिने विळीला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही. भाजी चिरली तर पोटातील बाळाचा ओठ चिरला जातो, अशी समजूत. ती अद्याप पुरती गेलेली नाही, आणि आपली ख्रिस्ती घरेही तिच्यापासून सर्वस्वी अलिप्त राहिली असे आम्ही म्हणू शकत नाही. दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले, की ग्रहणाची तिथी आठवली जाई आणि दोष आईच्या पदरात पडे.

वस्तुतः गर्भाचा ओठ पहिल्या सात आठवड्यांतच जुळून येतो. पाचव्या-सहाव्या महिन्यातील ग्रहणाने तो पुन्हा फाटणार कसा? अशा व्यंगांमागे आनुवंशिकता असते, काही औषधे व आजार असतात, आणि अनेकदा नेमके कारण सापडतही नाही.

आईला दोष देण्याऐवजी तिचे ऐकून घेतले, तर काय घडते याचा दाखला १९४१ साली मिळाला. ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे येऊ लागली. त्यांनी मातांकडे चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी बहुतेकींना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाल्याचे उघड झाले. पुढे त्यावर लस आली. १९९१ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले, की कण्याचा असा दोष असलेले मूल ज्यांना आधी झाले होते, त्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास तो पुन्हा उद्भवण्याचा धोका सुमारे पाऊणपटीने घटतो.

हे ज्ञान विळीपाशी बसलेल्या बाईपर्यंत पोहोचवायचे कोणी? आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली कार्य आरंभिले. त्यांनी खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्यांतील अनेकजणी निरक्षर आणि दलित होत्या. गरोदर स्त्रीचा आहार, तपासणी व बाळंतपण यांविषयी डॉक्टरांकडून शिकलेले त्या आपल्या बोलीत शेजारणींना सांगत. सासूला जे डॉक्टरांचे पटत नसे, ते गावच्या बाईचे पटे. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला.

२०१३ साली पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात अंगणवाडीत व शाळेत बालकांची तपासणी होते आणि दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल यांसारख्या व्यंगांवर विनामूल्य उपचार मिळतात. परंतु लाजेपोटी बाळ पदराआड लपविले गेले, तर ते तपासणीला पोहोचणार कसे?

योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. आपल्या धर्मग्रामात असे बाळ स्नानसंस्काराला आणले जाईल, तेव्हा त्या माउलीला ग्रहणाविषयी विचारू नये. बाळाला डॉक्टरांना दाखविले का, आणि सोबतीला कोणी हवे का, एवढे मात्र अवश्य विचारावे, असे आम्हांला वाटते.